तिसरा महिना

चंद्रावर जन्मलेली ओवी सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा साताऱ्यात आली, आणि तिचं डोकं सहापट जड झालं. मान इतकी दुखायची की नजर जमिनीवरून वर जाईना. फिजिओथेरपिस्ट कुंदाताई तीन महिने रोज तिच्याकडून व्यायाम करून घेत होत्या.

आज संध्याकाळी त्यांनी तिला गच्चीत नेलं, मानेचा पट्टा काढला आणि तान्ह्या बाळाला धरावं तसा मानेमागे तळहात धरला.

"हनुवटी आत. आता हळूच वर बघ."

निळ्या आकाशात फिकट अर्धा चंद्र होता.

"ताई, माझं अख्खं गाव त्यात मावतं?" ओवी बघतच राहिली.

कुंदाताईंनी हात केव्हाच काढून घेतला होता. त्याच हातानं त्यांनी चंद्रावर, तिच्या आईला, निरोप धाडला:

"लेकीनं मान धरली."