स्वल्पविरामापुढची रक्कम

विमा कंपनीच्या काऊंटरवर टेलरबाईंनी पासबुक आपटलं.

"एक रुपया! दुकान जळालं माझं. आठ मशिनं, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं खाक झालं. आणि तुम्ही एक रुपया पाठवता? थट्टा लावलीय?"

कारकुनाने स्क्रीनकडे बघितलं. "बाई, फॉर्ममध्ये तुम्ही एकच रुपया मागितलाय. मागितला तेवढा मिळाला."

"मी एक लाख पंच्याऐंशी हजार लिहिलेत. या हातांनी!"

आवाज चढले तसा कारकुनाने वरच्या मजल्यावर फोन लावला. फॉर्म जिने बनवला होता, ती प्रोग्रामर खाली आली. तिने काऊंटरवरून एक कोरा कागद पुढे सरकवला.

"रक्कम कशी भरली होतीत, तश्शीच लिहून दाखवता?"

टेलरबाईंनी खसाखसा लिहिलं : १,८५,०००.

प्रोग्रामरने पहिल्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं. रकमेचा रकाना तपासणारा नियम तिचाच होता. सुरुवातीला अंक असतील तर ते उचल, एवढंच तो करायचा. शेवटपर्यंत अंकच आहेत का, हे बघायला लावणारं एक चिन्ह तिने टाकायला हवं होतं. ते राहून गेलं होतं. नियमाने एक उचलला, पुढे स्वल्पविराम लागला, तिथेच थांबला. ना चूक दाखवली, ना काही विचारलं.

"यांचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलंय."

कारकुनाला बाजूला सारून ती त्याच्याच खुर्चीत बसली. हजाराच्या आत मिटलेले सगळे दावे तिने स्क्रीनवर मागवले. तीन रुपये. पंचेचाळीस रुपये. परत एक रुपया. यादी संपेचना.

तोवर साहेब केबिनमधून बाहेर आले होते.

"दोनशे चौदा जण आहेत, साहेब."

"हळू बोल. नियम आजच दुरुस्त कर. या बाईंचं काय ते बघू आपण. बाकीच्यांची तक्रार नाही."

"असेल ना! त्यांनाही इथे हेच ऐकवलं असेल. मागितला तेवढा मिळाला म्हणून."

कारकून मान खाली घालून स्टेपलरची उघडझाप करत राहिला.

"मिटलेले दावे उकरायचे नाहीत," साहेब तिच्या कानाशी वाकून म्हणाले. "आणि चूक कुणाची, ते तूच आत्ता कबूल केलंस. तोंड उघडलंस तर पहिली तू बाहेर जाशील."

तिचे कान तापले. इतका वेळ ती स्वतःवरच चिडलेली होती. आता तो राग साहेबांच्या कडक इस्त्रीच्या शर्टापर्यंत पोचला. तिने काऊंटरवरचा फोन ओढला, यादीतला पहिला नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला.

"विमा कंपनीतून बोलतेय. तुमच्या दाव्याबद्दल..."

पलीकडचा म्हातारा तिला पुढे बोलूच देईना. "तीन रुपये! बोट बुडाली माझी, बोट! तीन रुपयांत वल्ह्याचा दांडा तरी येतो का? सहा महिने हेलपाटे घातले तुमच्या दारात, कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. आता बरा फोन केलात, भामट्यांनो!" मग त्याने कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. बाकांवर बसलेल्या लोकांनी माना वर केल्या. कुणीतरी पंख्याखालून उठून काऊंटरजवळ आलं.

"हो, आजोबा," ती म्हणत होती. "हो. बरोबर आहे तुमचं. बोला."

"आवाज कमी कर," साहेब दातओठ खात म्हणाले.

तिने तो वाढवला.