खांद्यावरचा हात

"उजवा डोळा काढावाच लागेल," डॉक्टर म्हणाले, "आणि तोही चौदा दिवसांच्या आत."

मेंढरांसाठी बाभळीचा पाला तोडताना म्हस्कूच्या डोळ्यात काटा घुसला होता. कन्हेरीहून आई ठमाबाई आणि बायको सारजा त्याला बैलगाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी सारजाला नीट समजावलं. डोळ्याच्या आत रक्त पुरवणारा एक पडदा असतो, तो फाटलाय. असा डोळा तसाच ठेवला तर कधी कधी चांगल्या डोळ्याचा पडदाही सुजतो आणि माणूस पुरता आंधळा होतो.

मग त्यांनी उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि डाव्यासमोर बोटं धरली. सारजा दारात उभी होती. ठमाबाई लेकाच्या मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

"दोन," म्हस्कू म्हणाला. मग, "चार." मग, "एक."

"हा डोळा उत्तम आहे. तो वाचवायचाय आपल्याला."

म्हस्कू मात्र हटून बसला. "उजव्यानं अजून धुरकट दिसतंय मला. न्हाय काढायचा." ठमाबाईनं खरं तर लेकाला दोन शब्द सुनवायला हवे होते, पण तीही त्याचीच री ओढायची, आणि मग पदरात तोंड खुपसून रडायची.

कन्हेरीला परतून दहा दिवस असेच गेले. सारजाचा जीव टांगणीला लागला. शंभर मेंढरं, झोळीत पोर, आणि हा बाबा हट्टापायी दोन्ही डोळे घालवायला निघालेला. तसा तो पहिल्यापासून धांदरटच. डावीकडून भाकरी वाढली की त्याचा हात ताटाबाहेर पडायचा आणि सारजाला हसू आवरायचं नाही.

अकराव्या दिवशी ती हसली नाही. गाठोडं बांधून त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझ्या बापानं आधीचं स्थळ निस्त्या वाकड्या बोटापायी मोडलं व्हतं. आत्याबाईंनी बिरोबाचा भंडारा उचलून आण घेतली, पोरगा अव्यंग हाय म्हणून, तवा मला हितं दिली. आता धडका डोळा जाणूनबुजून घालवणार असाल तर मी चालले माहेरी. पोराला घिऊन."

म्हस्कूनं आईकडं मान वळवली. ठमाबाईनं खाली बघितलं.

"गाठोडं सोड," शेवटी म्हस्कू म्हणाला. "गाडी जुंपायला सांग."

डोळा निघाला. दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आल्यावर डॉक्टर तपासायला आले. सारजाला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. आपण अडून बसलो म्हणून नवऱ्याची नजर वाचली, याचा तिला मनोमन अभिमानच वाटत होता. ती खाटेमागे उभी राहून म्हस्कूच्या वाकळेची घडी घालत होती. ठमाबाई तिच्या पुढ्यात, लेकाच्या खांद्यावर हात ठेवून.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासमोर तीन बोटं धरली.

ठमाबाईचं बोट म्हस्कूच्या खांद्यात एकदा रुतलं. दुसऱ्यांदा रुतलं. तिसऱ्यांदा रुतलं.

"तीन," म्हस्कू म्हणाला.