बागेचा गौरवशाली इतिहास

"काकू, चपला काढा! लॉन खराब होईल," सेक्रेटरी ओरडला.

शालनकाकूंनी खाली पाहिलं. हिरवंगार प्लास्टिक! हे नवं शहर वसलं, तेव्हा याच ओसाड प्लॉटवर सेक्टरमधल्या बायकांनी धुण्याचं पाणी वाहून अळू वाढवला होता. घरोघरी त्याचं फदफदं व्हायचं. आज त्याच बायकांचे फोटो भिंतीवर, वर मथळा: 'बागेचा गौरवशाली इतिहास'. काकूंना शिसारी आली.

प्लास्टिकच्या फटीतून अळवाचं एक कोवळं पान डोकावत होतं.

"छे, परत तण!" सेक्रेटरीने ते देठासकट उपटलं, चुरगाळून फेकलं आणि त्याच हाताने मानेवरचा घाम पुसला.

अळवाला हात लावण्याआधी तेल चोळायचं असतं, हे काकूंनी त्याला सांगितलं नाही. चपला न काढताच त्या ठाण मांडून उभ्या राहिल्या, त्याला खाज सुटायची वाट बघत.