विषम आसनक्रमांक

प्रज्ञावंतांच्या विशेष वर्गासाठी निवडलेल्या चोवीसही मुलांचे निवड चाचणीतले आसनक्रमांक विषम होते.

माहितीपर लेखनाच्या तासाला हे सहावीतल्या एका मुलीने सांगितले. तिचा क्रमांक सतरा होता. अठरावर बसलेली तिची जुळी बहीण नाकारली गेली होती आणि तेव्हापासून, "मी ढ आहे ना, मग कशाला?" म्हणत पुस्तकाला हात लावत नव्हती.

बाईंनी ही गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानावर घातली.

"योगायोग हो, बाई! बुद्धी मुळातच असावी लागते," विशेष वर्गाच्या गुळगुळीत माहितीपत्रकावरची नजर न उचलता ते म्हणाले. "आमच्या चाळणीतून खडा निसटत नाही."

नाणे चोवीस वेळा उडवून चोवीसही वेळा छापा पडला, तर हे गृहस्थ नाण्याचा सत्कार करतील, याविषयी बाईंना शंका उरली नाही. वर्गात येऊन त्या मुलीला एवढेच म्हणाल्या, "मत नको गं. पुरावा शोध आणि साध्या वाक्यांत लिही."

मुलीने स्वतःची आणि बहिणीची प्रश्नपत्रिका सूचनाफलकावरच्या एकमेव उत्तरतालिकेशी ताडून पाहिली. तिचा अहवाल बाईंनी एकही शब्द न बदलता मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.


"कॉपी टाळण्यासाठी विषम क्रमांकांना पहिला संच दिला होता आणि सम क्रमांकांना दुसरा, प्रश्न तेच होते, क्रम वेगळा होता. सगळ्यांचे पेपर पहिल्या संचाच्या उत्तरतालिकेने तपासले गेले."