उलिसेची बासरी

ओर्नेल्लाच्या जेनोव्हातल्या घरी रविवारचं जेवण आटोपलं. लेकीची रेकॉर्ड ऐकायला आईने शेजारीही बोलावले होते. "बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही," असं बजावून बाबांनी ओर्नेल्लाच्या बँडच्या नव्या रेकॉर्डवर सुई टेकवली. त्यांच्या तरुणपणीच्या रॉकचा तोच लांबलचक बाज, आणि कव्हरवर 'बासरी : उलिसे', बाबांचंच नाव. रेकॉर्डिंगला त्यांचा श्वास थरथरला, म्हणून तिने त्यांना न सांगता दुसऱ्याकडून बासरी वाजवून घेतली होती. बाजूभर तिने मान वर केली नाही.

"दादा, जिना चढताना धापा टाकतोस, इथे बरा दम पुरला रे!" सुई उचलताच आत्या म्हणाली. सगळे हसले, बाबाही.

मग कव्हर ओर्नेल्लाच्या हातात देत ते हळूच म्हणाले, "पुढच्या छपाईत वाजवणाऱ्या पोराचं नाव घाल गं. त्याच्याही आईने शेजारी बोलावले असतील."