एका बोटाची क्लिक

लालीबाईनं सातव्यांदा टचपॅड दाबलं आणि सातव्यांदा, फोटो उघडायच्या ऐवजी, तीच लांबलचक यादी पडद्यावर आली. कॉपी, डिलीट, रिनेम आणि अजून काय काय.

शेजारी बसलेल्या वर्षानं हात लांबवून तिथंच, तेवढ्याच जोरानं दाबलं. फोटो उघडला. लाल कापडावर आरशांचं काम केलेली पिशवी. लॅपटॉप तोच, जागा तीच, आणि तरी फोटो वर्षाला उघडतो, लालीबाईला नाही! वर्षा दारव्ह्याची, आठवड्यातून दोनदा तांड्यावर कॉम्प्युटर शिकवायला येणारी. असं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला मजाही वाटत होती.

पण मजा बघत बसायला वेळ नव्हता. दुपारच्या जीपनं बाबाराव सर येणार होते. तांड्यातल्या बाया ज्या संस्थेसाठी भरतकाम करतात, तिथले ते साहेब. लालीबाईनं त्यांच्यासमोर पाच पिशव्यांचे फोटो निवडून पाठवून दाखवले तर लॅपटॉप इथं राहणार, तिच्या ताब्यात. नाहीतर पलीकडच्या तांड्यावर जाणार, आणि कोणती पिशवी गिऱ्हाइकाला दाखवायची ते तिकडच्या बाया ठरवणार. हेच लालीबाईच्या जिवाला लागलं होतं. चाळीस वर्षं टाके आपण घालायचे आणि निवडायचं दुसऱ्यांनी?

वर्षानं टचपॅड पुसलं. लालीबाईला हात धुऊन यायला लावलं. डाव्या हातानं दाबायला सांगितलं, तरी यादीच. मग तिनं सेटिंग उघडून वाचलं. दोन बोटं एकदम टेकवून दाबलं की यादी येते, असं तिथं होतं. तुमचं दुसरं बोट लागत असेल मावशी, असं ती जपूनच म्हणाली. लालीबाईनं आपलं एक बोट तिच्या नाकासमोर धरलं.

"मोज."

अजून तीन-चार वेळा यादी आली तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. मशीनला म्हातारा हात आवडत नसेल, असं पुटपुटत ती उठली, आणि उठता उठता रागानं एकदा दाबलं. फोटो उघडला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. लालीबाई खाली बसली, दाबलं. यादी. उभी राहिली, दाबलं. फोटो. तिचा राग कुठल्या कुठे गेला. आता ती अर्धवट वाकून, गुडघ्यावर येऊन, नेमकं कुठं बिनसतं ते शोधायला लागली. वर्षानं मान खाली घालून तिच्या हाताकडे पाहिलं. बसलं की मनगट टेकत होतं, आणि मनगटातलं चांदीचं जाड कडं टचपॅडच्या काठाला लागत होतं. दोन्ही हातांत तसलीच कडी. चांदी अंगाला लागलेली, म्हणून लॅपटॉप तिला दुसरं बोट समजत होता.

"सापडलं! मावशी, कडं काढा बरं दोन मिनिटं."

सेवालाल मंदिराच्या सभामंडपात त्यांच्याभोवती टाके घालत बसलेल्या सगळ्या बायांच्या सुया थांबल्या. लालीबाईची सून राखी वर्षाच्या कानाशी लागली. कडी लग्नात चढवलेली, सासऱ्यांच्या, धरमसिंगबाबांच्या नावाची. नवरा गेल्यावरच ती उतरवतात. आणि धरमसिंगबाबा तर चांगले धडधाकट, बाहेर लिंबाखाली गप्पा मारत बसले होते.

वर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान वरून फडकं गुंडाळू, ती म्हणाली. फडकं जखमेला बांधतात, लालीबाईनं सांगितलं. पण ती चिडली नव्हती. ती लॅपटॉपकडे मोठ्या नवलानं बघत होती.

"मले कायले सांगून राह्यली, काढा म्हणून? त्याले सांग ना. हे कडं हाय, बोट नोहे."

मशीनला असं सांगता येत नाही, असं वर्षा म्हणणारच होती. मग तिला वाटलं, का नाही येत? ती पुन्हा सेटिंगमध्ये शिरली. दोन बोटांच्या ऐवजी उजवा कोपरा दाबला तरच यादी यावी, असा एक पर्याय होता. तो लावला. लालीबाईनं बसून दाबलं. यादीच. कडं नेमकं त्याच कोपऱ्यात टेकत होतं. त्याच्या खाली अजून एक पर्याय होता. काहीच नको. किती बोटं लागतात, कुठं लागतात, ते लॅपटॉपनं बघायचंच नाही. दाबलं की उघडायचं. हा कुणाच्या कामाचा, असं वर्षाला नेहमी वाटायचं.

लालीबाईनं मांडी घातली, मनगट आरामात टेकवलं आणि दाबलं. पिशवी उघडली. दुसरी उघडली. तिसरीही. बायांनी पुन्हा सुया हातात घेतल्या.

बाबाराव सर आले तेव्हा ती तयार होती. तिनं पाच फोटो निवडले, एक पसंत न पडून बदलला, पाठवले. फोटोंना नावं देऊ म्हणून सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि यादीसाठी दोन बोटं टेकवून दाबलं. फोटो उघडला. बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा फोटोच. त्यांनी रुमाल काढून टचपॅड पुसलं, शर्टाला बोटं पुसली, परत दाबलं. मग वर्षाकडे बघून, हे बिघडलं का, असं विचारलं.

वर्षा बोलायच्या आधी लालीबाईच बोलली.

"बिघडलं नाही साहेब. ते आता माह्या हाताचं झालं."

बाबाराव सरांनी एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि लॅपटॉप तिच्या पुढ्यात सरकवला.