पहिल्या फोटोतली रेघ

नकुल बर्फाखाली जाऊन तीन मिनिटं झाली होती आणि सुयशच्या कॅमेऱ्याचा पडदा काळा पडला होता. थंडीने बॅटरी बसली होती. त्याने दातांनी हातमोजा ओढला, बॅटरी काढली आणि शर्टाच्या आत काखेत दाबून धरली. मघाशी जिथे गुळगुळीत उतार होता तिथे आता वरून कोसळलेल्या बर्फाच्या ढेकळांचा ढीग पसरला होता, फुटबॉलच्या मैदानाएवढा. नकुल त्यात कुठेतरी होता.

सुयशने त्याला जोरजोरात हाका मारल्या. उत्तर आलं नाही. फोनला रेंज नव्हती. गाडलेला माणूस पंधरा मिनिटं तग धरतो, फार तर, हे नकुलनेच त्याला शिकवलं होतं. स्कीइंगही त्यानेच शिकवलं होतं. नकुल ब्रिस्टलमध्ये जन्मलेला, सुयश नागपूरहून वर्क व्हिसावर आलेला. दोघं एकाच ऑफिसात शेजारी बसायचे. शहराबाहेरच्या, सरावासाठी बांधलेल्या प्लास्टिकच्या उतारावर नकुलने दोन हिवाळे त्याला पडत-उठत तयार केलं, आणि २००६ च्या मार्चमध्ये दोघं स्कॉटलंडला आले ते सुयशला हव्या असलेल्या एका फोटोसाठी. पांढरीशुभ्र घळ आणि तिच्यातून स्नोबोर्डवर उतरणारा एकटा नकुल. सुयशच्या पाठीवर कॅमेऱ्याची अकरा किलोची बॅग होती. मोठी लेन्स मावेना म्हणून सकाळी त्याने बर्फ उपसायचं फावडं गाडीतच ठेवलं होतं.

त्याने बॅटरी परत घातली. पडदा उजळला. शेवटच्या फोटोत नुसता पांढरा धुरळा होता. त्याच्या आधीच्यात धुरळ्यातून एक नारिंगी हातमोजा वर आला होता, चोचीसारख्या टोकाच्या काळ्या खडकाशेजारी. पडदा पुन्हा विझला.

खडक अर्धा बुडाला होता, पण चोच दिसत होती. सुयश त्याच्याखाली उताराच्या रेषेत सरकत गेला. कॅमेऱ्याचा एका पायाचा स्टँड त्याने पूर्ण लांब केला आणि बर्फात खुपसला. काही नाही. पाऊलभर खाली, पुन्हा. काही नाही. तो हुंदके देत होता आणि हे त्याला कळतही नव्हतं. किती वेळा खुपसलं याचा हिशोब सुटला, तेव्हा एकदा टोक कशाला तरी लागलं. ते दगडासारखं कडक नव्हतं.

त्याने लेन्सच्या तोंडावरचं प्लास्टिकचं नळकांडं काढलं आणि फावड्यासारखं वापरून बर्फ उपसला. ते फुटलं तेव्हा स्कीने, मग नुसत्या हातांनी. नखं उलली. आधी खांदा लागला, मग हेल्मेट. नकुलचा चेहरा निळा पडला होता. सुयशने त्याच्या तोंडातला बर्फ बोटाने काढला आणि गालावर मारत राहिला. बऱ्याच वेळाने नकुलच्या घशातून शिटीसारखा श्वास बाहेर आला.

वरच्या धारेवरून जाणाऱ्या दोघा गिर्यारोहकांनी ते पाहिलं. एक मदत आणायला धावला. तासाभराने हेलिकॉप्टर आलं.

इन्व्हर्नेसच्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी दुपारी अर्चनाकाकू पोचल्या, नकुलची आई. त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं, चार बरगड्या मोडल्या होत्या. पण तो वाचला होता. काकूंनी सुयशचे पट्ट्या बांधलेले हात आपल्या हातात घेतले.

"तुझ्या कॅमेऱ्याने माझं पोर परत दिलं रे," त्या म्हणाल्या. येणाऱ्या प्रत्येक नर्सला त्या तेच सांगत होत्या.

सुयशला त्यांच्याकडे बघवेना. कार्डावर सात फोटो होते. सहाव्याने नकुल सापडला होता. पहिल्यात काय आहे हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या फोटोत नकुल अजून घळीच्या माथ्यावर उभा होता, सुयशच्या इशाऱ्याची वाट बघत. त्याच्या बोर्डच्या जरा खाली बर्फात एक बारीक, काळपट रेघ होती. घळीच्या बाजूच्या उंचवट्यावरून, मोठ्या लेन्समधून सुयशला ती दिसली होती. सावली असेल, तडा नव्हे, असं त्याने स्वतःला सांगितलं. ऊन सरकत होतं. एवढ्या तंगडतोडीनंतर असा उजेड पुन्हा मिळाला नसता. त्याने हात वर केला, आणि नकुल निघाला.

कॉरिडॉरमध्ये दोनदा त्याचा अंगठा डिलीटच्या बटणावर गेला. दोन्ही वेळा त्याने तो मागे घेतला.

संध्याकाळी काकू चहा आणायला खाली गेल्या. सुयशने खुर्ची खाटेजवळ ओढली आणि कॅमेरा नकुलच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा बघ," तो म्हणाला. "तुझ्या पायाखाली ही रेघ आहे ना, ती मला आधीच दिसली होती. तरी मी तुला निघायची खूण केली."

नकुलने मान जरा उचलून पडद्याकडे बघितलं. सुयशला वाटलं, आता तो तोंड फिरवेल. तोंड फिरवलं तर बरं, असंही वाटलं.

"मला पण दिसला होता तो रेघ," नकुल म्हणाला. त्याच्या मराठीत लिंगं नेहमीच अशी डळमळायची. बोलताना बरगड्या दुखत होत्या, म्हणून तो थांबला. "तू हात वर करायच्या आधीच."

सुयशने कॅमेरा खाली घेतला. "मग उतरलास कशाला?"

"तू तो सगळा सामान पाठीवर घेऊन एक तास चढत होतास. मी वरून बघत होतो, चार वेळा पडलास. मग तुला कसं सांगणार, नको म्हणून?"